पडण्याची उंची: शून्य

रकाना ७. पडण्याची उंची, मीटरमध्ये: शून्य.

अपघात-अहवालाचा हा नमुना तुमच्या कामगार-सुरक्षा मंडळाकडून दोनदा परत आला आहे. दोन्ही वेळा सोबत तीच छापील चिठ्ठी होती: उंची शून्य असू शकत नाही, दुरुस्त करून पाठवा. पहिल्या वेळी मी शून्य खोडून शेजारी नवं शून्य काढलं, जरा जास्त गोल. दुसऱ्या वेळी चिठ्ठीखाली कुणीतरी निळ्या पेनानं लिहिलं होतं, "जागा पुरत नसल्यास वेगळा कागद जोडावा."

हा तो वेगळा कागद.

रकाना १. अहवाल भरणाऱ्याचं नाव व हुद्दा:

ओक्को. सुतार. शिवाय या बांधकामाचा सुरक्षा-प्रतिनिधी. प्रतिनिधी निवडायची बैठक झाली त्या सकाळी मी दाताच्या डॉक्टरकडे होतो. सुजलेला गाल घेऊन परत आलो, तर खुंटीवर माझ्या नावाची पिवळी बंडी टांगलेली.

रकाना २. जखमी कामगार:

हाब्बो आयलर्स, वय चौसष्ट. आमचे मिस्त्री. सेहेचाळीस घरांची छपरं त्यांनी उभी केली. गेशेकाकूंचं घर सत्तेचाळिसावं आणि शेवटचं. त्यानंतर ते निवृत्त होऊन मासे पकडणार होते. म्हणजे नदीकाठी खुर्ची टाकून बसणार होते.

रकाना ८. घटनेच्या वेळी सुरक्षासाधन उपलब्ध होतं का? होतं.

रकाना ९. घटनेचं कारण: सुरक्षासाधन.

(याच रकान्यावरून तुमच्या कार्यालयात माझ्या डोक्याविषयी शंका घेतली गेली असं ऐकतो. पुढं वाचा.)

रकाना १०. घटनेची पार्श्वभूमी, थोडक्यात:

तुमच्याकडे डोंगरात कसं असतं माहीत नाही. आमच्या या सपाट मुलखात छपराचा सांगाडा उभा राहिला की कौलं चढण्याआधी आढ्यावर हिरव्या फांद्यांची माळ चढते. मिस्त्री काळा कॉर्डरॉयचा पोशाख आणि रुंद काठाची टोपी घालून वर जातो, घराच्या नावानं कवन म्हणतो, मालकानं दिलेली दारू पितो आणि रिकामा पेला खाली फेकतो. पेला फुटायला हवा. फुटला की घर टिकतं, असं लोक म्हणतात. सुतारांना घराशी तेवढं देणंघेणं नसतं. पेला फुटला की सुतार टिकतो.

मिस्त्री शिकाऊ होते तेव्हा त्यांचे उस्ताद फोल्कर्ट म्हणून होते. फोल्कर्टनी फेकलेला पेला शेणखताच्या ढिगात जाऊन बसला. सगळे पोट धरून हसले. फोल्कर्टही हसले. पुढच्या वसंतात ते चर्चच्या छपरावरून पडले.

त्यानंतर मिस्त्रींनी स्वतःचे सेहेचाळीस पेले फोडले आणि एकदाही पडले नाहीत. आता यातून काय सिद्ध होतं ते तुम्ही ठरवा. मिस्त्रींनी ठरवलेलं होतं.

रकाना ११. यापूर्वी तपासणी झाली होती का? असल्यास तपशील:

झाली होती. तीन आठवडे आधी, मंगळवारी. तुमच्या ब्रूनिंगबाई स्वतःचं हेल्मेट घेऊन आल्या आणि कुणाला न विचारता सरळ शिडी चढल्या. मिस्त्री आढ्यावर दोन्हीकडे पाय सोडून, घोड्यावर बसावं तसे बसले होते आणि पाव-मासा खात होते.

"मोइन," मिस्त्रींनी आमच्याकडचा नमस्कार केला.

"तुमचा पट्टा कुठंय?"

"कमरेला आहे की. नाहीतर विजार राहिली असती का?"

"सुरक्षापट्टा विचारतेय मी."

"तो गाडीत आहे. एकदम सुरक्षित."

बाई हसल्या नाहीत. "किती वर्षं झाली या कामात?"

"अठ्ठेचाळीस."

"आणि एकदाही पडला नाहीत."

"पडलो असतो तर आत्ता तुमच्याशी कोण बोललं असतं, मॅडम?"

"तेच तर," बाई म्हणाल्या. "न पडलेलेच बोलायला उरतात. म्हणून सगळ्यांना वाटतं, कुणी पडत नाही."

मिस्त्रींनी यावर पाव चावला. 

काम बंद. सगळे खाली. शेडमध्ये बाई यादी लिहायला बसल्या आणि मी चहा केला. आमच्याकडे कपाच्या तळाशी खडीसाखर टाकतात, वरून चहा, वरून साय, आणि ढवळत नाहीत. पाहुण्यानं बस म्हणायचं असेल तर रिकाम्या कपात चमचा उभा करून ठेवायचा. नुसतं "नको" म्हटलेलं इथं कुणाला ऐकू येत नाही. बाई तुमच्या डोंगराकडच्या. त्या "नको, पुरे" म्हणत राहिल्या आणि मी ओतत राहिलो. त्यांना चमच्याचं कुणी सांगितलं नाही. मिस्त्री डोळ्यांनीच मला बजावत होते, सांगशील तर खबरदार.

अकरा कप. तेवीस दोष. मला वाटतं, शेवटचे आठ दोष चहानं लिहिले.

दोष क्रमांक सात: आढ्यावर जाणाऱ्या प्रत्येकानं बांधलेलं असावं. दोष क्रमांक चौदा: वाशांच्या खाली जाळं नाही.

बाई गेल्यावर मिस्त्रींनी यादी वाचली आणि टेबलावर आपटली.

"जाळं हवंय काय तिला? लावा. एक माणसांचं लावा, पंजाएवढ्या भोकांचं. त्याच्यावर दुसरं बारीक लावा. टाचणी खाली पडता कामा नये. डासानं आत यायची परवानगी मागितली पाहिजे!"

"यादीत एकच म्हटलंय, मिस्त्री."

"मला शिकवू नकोस, पिवळ्या बंडीवाल्या. दोन लावा."

हे लक्षात ठेवा. बारीक जाळं मिस्त्रींनीच रागाच्या भरात लावायला लावलं. मंडळाचा त्यात काही दोष नाही.

दोन्ही जाळी लागली. फक्त उत्तरेच्या भिंतीपाशी बारीक जाळ्याचा गुंडाळा संपला. दीड वीत रुंदीची पट्टी उरली, तिथं नुसतं मोठ्या भोकांचं. माणूस काही त्यातून पडत नव्हता. दुकानदार म्हणाला, उरलेला तुकडा आठ दिवसांनी येईल. जाळी लावली की ती वेगळ्या नमुन्यात मंडळाला कळवायची असतात. त्यात "दोन्ही जाळी, सर्व बाजूंनी" समोर मी लिहिलं: पूर्ण. खाली सही केली.

रकाना १२. घटनेचा दिवस. क्रमवार लिहावे.

शुक्रवार, दुपारी चार. गेशेकाकूंच्या अंगणात साठेक माणसं, वाटाण्याच्या सुपाचं पातेलं, बाकं, आणि फेरतपासणीला आलेल्या ब्रूनिंगबाई. त्यांच्या पत्रात हाच दिवस होता. पत्र मिस्त्रींनी उघडलंच नव्हतं.

"बांधून घेऊन कवन म्हणणार नाही," मिस्त्री म्हणाले. "मी काय भाड्याचं अस्वल आहे?"

"मग कवन खालून म्हणा," बाई म्हणाल्या.

"खालून? खालून तर पाद्रीसुद्धा म्हणतो."

तेवढ्यात गेशेकाकू घरातून बाहेर आल्या. वय पंच्याहत्तर, हातात झाडू. इथं मालक कंजूष निघाला, दारू-जेवण दिलं नाही, तर सुतार आढ्यावर माळेऐवजी झाडू ठोकतात. गावभर नाचक्की. पण मालकिणीनं सुताराला झाडू दाखवल्याचं मी तरी आजवर ऐकलं नव्हतं.

"हाब्बो," काकू म्हणाल्या, "पट्टा घालतोस, की मी चढू आणि ठोकू हा वर?"

"तू चढणार? तुला शेडच्या दोन पायऱ्या होत नाहीत."

"बाईंनी बांधलं की चढेन. त्या चांगलं बांधतात म्हणे."

साठ माणसं हसली. मिस्त्रींनी पट्टा घातला. पण कोटाच्या आत! आठ बटणांची बंडी, त्यावर कोट, आणि मानेमागून कॉलरमधून दोरी बाहेर. हेल्मेट घातलं आणि त्याच्यावर सुतळीनं काळी टोपी बांधली. लांबून पाहिलं तर झाकण ठेवलेलं पातेलं शिडी चढतंय असं दिसत होतं.

आढ्यावर दोरीचा एक डबा असतो. हळू हललं की दोरी सुटत राहते, हिसका बसला की जागीच अडकते, गाडीतल्या पट्ट्यासारखी. बाईंनी डबा स्वतः दोनदा ओढून पाहिला आणि मान डोलावली.

मिस्त्री माळेशेजारी उभे राहिले. वारा चांगला होता. त्यांनी घसा साफ केला.

"वारा म्हणाला घराला, येईन रोज दारी,
घर म्हणालं, ये की बाबा, वाशांची आहे तयारी.
सेहेचाळीस घरं केली, मोकळा फिरलो आढ्यावर,
सत्तेचाळिसाव्याला दावं, जशी म्हैस खुंट्यावर!"

टाळ्या. बाईसुद्धा हसल्या, तोंडावर यादी धरून. मिस्त्रींनी घरासाठी एक पेला प्यायला, काकूंसाठी एक, आणि सुतारांसाठी एक. मग हात मागं नेला, अंग वाकवलं, आणि अठ्ठेचाळीस वर्षांच्या जोरानं पेला अंगणाकडे फेकायला झेपावले.

हिसका बसला. दोरी अडकली. मिस्त्री मागच्या मागं आढ्यावर बसले. पेला हातातून सुटला तो सरळ वर गेला, तिथं जरा विचार केला, आणि वाशांच्या मधून खाली आला.

जाळ्यात.

बाळ पाळण्यात ठेवावं तसा अलगद. आवाजसुद्धा नाही.

रकाना १२, पुढे चालू (पाठीमागे)

अंगणातल्या सगळ्या माना वर वळल्या. मग गेशेकाकू म्हणाल्या, "बरं, बरं. दुसरा पेला देते. हा काही फार चांगल्या काचेचा नव्हता."

"लग्न एकीशी आणि सही दुसरीची, असं चालतं का, गेशे?" वरून मिस्त्री. "ज्यातून प्यायलो तोच फुटला पाहिजे."

"मग खाली तरी या, मिस्त्री!" मी ओरडलो. "सूप गार होतंय!"

"येतो. तो फुटला की येतो."

ब्रूनिंगबाई पुढं झाल्या. "आयलर्स, वारा वाढतोय. उतरा. हा आदेश समजा."

"मॅडम, मी बांधलेला आहे का?"

"आहात."

"हेल्मेट?"

"आहे."

"परांचीला कठडा? खाली जाळं?"

"सगळं आहे."

"मग तुमच्या यादीतलं राहिलं काय?"

बाईंनी यादी चाळली. पुढून चाळली, मागून चाळली.

"बांधलेल्या माणसानं वर किती वेळ बसावं, ते लिहिलंय कुठं?"

"नाही," बाई म्हणाल्या. माणूस खरं बोलला की त्याच्यावर राग धरता येत नाही, ही आमची पहिली अडचण.

दुसरी अडचण जाळ्याची. मी म्हणालो, कुणाला तरी जाळ्यात उतरवू. बाई म्हणाल्या, जाळं पडणाऱ्यांसाठी आहे, फिरणाऱ्यांसाठी नाही. मी म्हणालो, मग जाळ्याचा एक कोपरा सोडू. बाई म्हणाल्या, वर माणूस असताना जाळं सोडता येत नाही. मी म्हणालो, माणूस पेला फुटल्याशिवाय उतरत नाही. बाई म्हणाल्या, मग माणसाला सांगा. मी म्हणालो, सांगितलं, तो म्हणतो पेल्याला सांगा.

चाळीस मिनिटं गेली. सुपावर साय धरली. लोकांनी पैजा लावल्या, मग वाऱ्याला कंटाळून बाकांवर पाठमोरे बसले.

मी स्वतःला बांधून वर गेलो. जवळ गेल्यावर दिसलं, मिस्त्रींचे दोन्ही हात वाशांना घट्ट धरून होते आणि बोटांची टोकं पांढरी पडली होती. अठ्ठेचाळीस वर्षांत मीच काय, कुणीच त्यांना काही धरलेलं पाहिलं नसेल.

"मिस्त्री, नाटक पुरे. लोक हसतायत."

"फोल्कर्ट हसत हसत उतरले होते," ते म्हणाले. आवाज नेहमीचा नव्हता. "शिडी मी धरली होती, ओक्को. खाली आल्यावर त्यांनी माझे केस विस्कटले. म्हणाले, पेल्यानं काय होतंय रे."

मी त्यांच्या शेजारी बसलो.

"वर बसायची भीती नाही मला," मिस्त्री म्हणाले. "उतरायची आहे. ती शिडी आज वेगळीच दिसतेय. पाय टाकला की जाणार, असं वाटतंय. मॅडमना सांगू नको."

खाली उतरताना मी उत्तरेच्या भिंतीकडे पाहिलं. दीड वितीची पट्टी. मोठ्या भोकांची. पेला मावेल एवढी.

रकाना १३. सुरक्षा-प्रतिनिधीनं केलेली कारवाई:

"मॅडम, नमुन्यातला तो जाळ्यांचा रकाना," मी म्हणालो.

"तो पूर्ण आहे. तुमची सही आहे."

"नाही झालेला पूर्ण."

बाईंनी चष्मा काढला. मी सांगितलं. गुंडाळा संपला, आठ दिवस, पट्टी, सही, सगळं. काकूंचं अंगण ऐकत होतं. पेला जाळ्यावरून ढकलत उत्तरेच्या भिंतीपर्यंत नेला, तर तिथून खाली पडेल, असंही सांगितलं.

"म्हणजे तुम्ही खोटं लिहिलंत."

"हो."

"आणि आता मदत म्हणून तेच खोटं वापरायचं म्हणताय."

"तसं म्हटलं तर तसंच."

बाईंनी बराच वेळ माझ्या पिवळ्या बंडीकडे पाहिलं. आमच्या बोलण्यातलं अर्धं वर पोचलं असावं, कारण मिस्त्री ओरडले, "ढकलून पाडलेला चालणार नाही! माझी फेक पाहिजे! फेक चुकली ती चुकली!"

मला वाटलं, संपलं आता. तेव्हा तुमच्या ब्रूनिंगबाईंनी जे केलं ते तुमच्या कार्यालयानं भिंतीवर लावावं. त्यांनी पिशवीतून नियमांचं पुस्तक काढलं.

"आयलर्स! तुमची फेक अजून संपलेली नाही!"

"काय?"

"पडणारी वस्तू जाळ्यानं किंवा दोरीनं अडवली, तर त्याला अडवलेलं पडणं म्हणतात! पडणं तेव्हाच पूर्ण होतं, जेव्हा खालचा टणक पृष्ठभाग लागतो! तोवर ते चालू आहे!"

मिस्त्री जरा पुढं वाकले. "हे छापलेलं आहे?"

"छापलेलं आहे. पान बारा."

"वाचून दाखवा."

बाईंनी वाचलं. पान बारा पूर्ण, मोठ्यानं, वाऱ्याच्या वर आवाज काढून. चर्चमध्ये काढतात तशा साठ माणसांनी टोप्या काढल्या नाहीत एवढंच. ज्या माणसानं आयुष्यात मंडळाचा एक कागद उघडला नाही, तो आढ्यावर बसून मान तिरकी करून ऐकत होता.

"परत एकदा वाचा. शेवटचं."

"तोवर पडणं चालू आहे."

"हं," मिस्त्री म्हणाले. "फोल्कर्टना हे कुणी सांगितलं नव्हतं. तो ढीग काही टणक नव्हता. कुणीतरी पेला त्यातून काढून फेकायला हवा होता." मग ओरडले, "चालेल! ढकला!"

बाईंनी हेल्मेट घट्ट केलं, डोळ्यांवर चष्मा चढवला, आणि हात पुढं केला. "काठी."

काठी नव्हती. काकूंचा झाडू होता.

तर मंडळाच्या अधिकारी जाळ्याखाली काँक्रीटवर उभ्या, झाडू उलटा धरून जाळं खालून उचलतायत, आणि पेला वर गडगडत चाललाय. अंगणातली सगळी माणसं दारा-खिडक्यांच्या भोकांतून आत डोकावतायत.

"डावीकडे, मॅडम! डावीकडे!"

"ती डावी नव्हे, दुसरी डावी!"

"हळू, आपल्याच डोक्यावर घ्याल!"

"बाई, तुम्ही झाडू कधी धरलाय की नाही?" ही काकू.

पेला पट्टीच्या काठाशी आला. थांबला. बाईंनी झाडूनं एक टिचकी मारली. पेला आडवा पडला, फिरला, उभा झाला आणि भोकातून गेला.

तो आवाज मी विसरणार नाही.

रकाना १४. प्रत्यक्ष अपघात:

मिस्त्री उतरले. एकेक पायरी, दोरी लावलेली, बाई खालून मोजत होत्या. एकूण उंची नऊ मीटर चाळीस. शेवटच्या पायरीवरून त्यांनी जमिनीवर पाय ठेवला, कोट काढला, पट्टा सोडवला आणि गवतावर असा भिरकावला, जसा कुणी तुरुंगाचा सदरा भिरकावतो.

"सत्तेचाळीस!" दोन्ही हात वर करून ते सुपाच्या दिशेनं निघाले, पट्ट्याच्या मांडीच्या फासात पाय घातला आणि आडवे झाले.

घोटा मुरगळला. हेल्मेट डोक्यावर, हेल्मेटवर टोपी, सुतळीसकट.

"बघितलंत?" पडल्या पडल्या मिस्त्री म्हणाले. "पेला फुटला म्हणून घोट्यावर निभावलं."

"हेल्मेट होतं म्हणून निभावलं," बाई म्हणाल्या.

"दोघंही गप्प बसा आणि सूप घ्या," काकू म्हणाल्या.

नंतर चहा झाला. मी बाईंना ओतत गेलो, एक, दोन, तीन. त्या माझ्याकडे अशा बघत होत्या की मला वाईट वाटलं, पण रीत ती रीत. चौथ्याला किटली उचलली, तेव्हा खुर्चीवर पाय ठेवून बसलेले मिस्त्री वाकले, टेबलावरचा चमचा घेतला आणि बाईंच्या कपात उभा केला.

"एवढंच?" बाई म्हणाल्या. "इतके दिवस एवढंच होतं?"

"तुम्ही विचारलं नाहीत," मिस्त्री म्हणाले.

रकाना १५. पुनरावृत्ती टाळण्यासाठी उपाय:

बाईंनी यादीत चोविसावा दोष स्वतःच्या हातानं लिहिला: "सुरक्षा-प्रतिनिधी न पाहता सही करतो." पाहून केली होती, पण मी वाद घातला नाही. मला पाच दिवसांचं शिबिर आहे, आणि पिवळी बंडी आणखी तीन वर्षं. बारीक जाळ्याचा उरलेला तुकडा सोमवारी लावला. सही केली आहे, येऊन हात लावून बघा. काढलेले सुरक्षापट्टे टांगायला शिडीशेजारी खुंटी ठोकली आहे.

रकाना ७ मात्र शून्यच राहील. मिस्त्रींना मी तुमची ती छापील चिठ्ठी वाचून दाखवली. ते नदीकाठच्या खुर्चीत होते, पायाला पांढरी पट्टी, गळाला काही नाही.

"शून्य बरोबर आहे," ते म्हणाले. "पण मी जे नऊ मीटर चाळीस पडलो नाही, ते कुठं लिहायचं? त्याचा रकाना दाखव."

नमुना मी पुढून-मागून पाहिला. तसा रकाना नाही. म्हणून समासात पेन्सिलनं लिहिलं आहे. कृपया खोडू नये.